मॅव्हिस टर्नक्विस्टने मागे घेतलेली नाकं

मिनेसोटाच्या त्या पट्ट्यात कुणी कुणाला तोंडावर काही बोलत नाही. शेजाऱ्याच्या कुत्र्याने कोंबडी पळवली, तरी माणूस कुंपणाशी जाऊन आधी पावसापाण्याचं बोलतो, मग मक्याचं, मग शेजाऱ्याच्या आईच्या गुडघ्याचं. निघता निघता म्हणतो, "कुत्रा बाकी अंगाने भरलाय हं तुझा." शेजाऱ्याला कळायचं ते कळतं. जेवणाला तिथे कुणी वाईट म्हणत नाही. "वेगळं आहे," म्हणतात. ज्या बाईच्या पदार्थाला चर्चच्या तळघरातल्या सामुदायिक जेवणात "वेगळं आहे" ऐकावं लागलं, ती तो पदार्थ जन्मात पुन्हा आणत नाही. आणि अगदी जीव ओवाळून टाकावा इतकं आवडलं, तर "फार वाईट नाही," एवढंच. त्याच्या वरची पायरी तिथल्या बोलीत नाहीच.

अशा मुलखात मॅव्हिस टर्नक्विस्ट ही एकटी बाई तोंडावर अपमान करायचे पैसे घ्यायची, आणि लोक रांग लावून द्यायचे.

दर ऑगस्टला जिल्ह्याची जत्रा भरली की ट्रॅक्टर-ओढीच्या शर्यतींच्या मैदानाच्या लाकडी गॅलरीखाली, ऐन सावलीत तिचा स्टॉल लागायचा. एक खुर्ची तिची, एक गिऱ्हाइकाची, मध्ये चित्राची घोडी. हातात जाडजूड मार्कर. समोरच्याकडे मान तिरकी करून एकदा बघायचं आणि सर्रकन नाक ओढायचं. खोडरबर नाही, पेन्सिल नाही, पडली ती रेघ पडली. नाक असं यायचं की त्याच्या मागून माणूस येतोय असं वाटावं.

खरी मजा मात्र मागे. बघे तिच्या पाठीशी उभे राहायचे, तिच्या खांद्यावरून चित्र बघायचे आणि हसायचे. खुर्चीतल्या माणसाला स्वतःचं चित्र दिसत नसे, दिसायचे ते फक्त हे हसणारे चेहरे. आपल्या थोबाडावर काय गुदरतंय ते त्याने लोकांच्या दातांवरून ओळखायचं. "काय काढतेय? कान काढतेय ना?" असं बिचारा विचारायचा. लोक डोळे पुसत म्हणायचे, "छे छे, छान येतंय, बस तू." शेवटी मॅव्हिस कागद फिरवायची. माणूस लाल व्हायचा, बायकोकडे बघायचा आणि म्हणायचा, "फार वाईट नाही."

असं वर्षानुवर्षं चाललं, आणि मग अंगठा गेला.

गेला म्हणजे हातालाच होता, पण बुंध्याशी सांधा झिजला होता. मार्कर आवळून धरला की कळ थेट कोपरापर्यंत. डॉक्टरने तपासलं आणि सांगितलं, "पेन जाड धरायचं, दाबायचं अजिबात नाही. नाहीतर चित्रं बंद." मॅव्हिसला दाबल्याशिवाय चित्र काढता येतं हेच ठाऊक नव्हतं.

त्यात जत्रेच्या कमिटीकडे एकाने अर्ज टाकला होता. त्याच्याकडे फोटोचं खोपटं होतं. आत बसून बटण दाबलं की फोटोतल्या माणसाच्या डोक्यावर सांबराची शिंगं उगवायची. त्याला गॅलरीखालची सावली हवी होती. कमिटीने यंदा त्याला समोर उन्हात जागा दिली आणि मॅव्हिसला निरोप धाडला, की तुमच्या हाताचं कानावर आलं, वाईट वाटलं, यंदाची जत्रा बघू आणि मग पुढचं ठरवू. मॅव्हिसने तो निरोप नवऱ्याला, व्हर्लिनला सांगितला.

"चांगलं बोलले की," व्हर्लिन म्हणाला.

"चांगलंच बोलले. हाकलतायत मला."

तेव्हा सुनेने तिला एक टॅब्लेट आणून दिला. याच्यावर दाबावं लागत नाही, नुसतं टेकवलं तरी रेघ येते, म्हणाली. टॅब्लेट चांगला होता. पण त्याचं पेन, ज्याला स्टायलस म्हणतात, ते आपलं आपण निवडायचं होतं, आणि तिथून या बाईच्या संसाराला त्या उन्हाळ्यात साडेसाती लागली.

पहिला स्टायलस तिने औषधाच्या दुकानातल्या गल्ल्याजवळून उचलला, च्युइंग गमच्या शेजारी टांगलेला होता म्हणून. टोकाला रबराची गुबगुबीत बोंडी. त्याने रेघ मारली की रेघ बोंडीच्या शेजारून कुठून तरी निघायची.

"हातमोजा घालून सुईत दोरा ओवतेय असं वाटतं," ती म्हणाली.

दुसऱ्याच्या टोकाला पारदर्शक चकती होती, त्यातून नेमकं कुठे टेकलंय ते दिसायचं. काम बरं करायचा, पण प्रत्येक रेघेला टक्, टक्, टक्. व्हर्लिन शेजारच्या खोलीत बातम्या बघायचा, त्याला वाटायचं भिंतीत सुतारपक्षी शिरलाय. एक दिवस ती चकती निखळली आणि सापडेना. टेबल झाडलं, उशा उलथ्या केल्या. रात्री जेवताना व्हर्लिनने ओव्हनमध्ये भाजलेल्या बटाट्याच्या हॉटडिशचा घास चावला, थांबला, तोंडात बोट घातलं आणि चकती बाहेर काढून ताटाच्या कडेला ठेवली.

"सापडली का?" मॅव्हिस म्हणाली.

"सापडली."

"चव?"

"वेगळी आहे," व्हर्लिन म्हणाला आणि पुढचा घास घेतला.

मग मात्र ती शहरात मोठ्या दुकानात गेली आणि खरा स्टायलस घेऊन आली, बॅटरीवाला, जोर ओळखणारा. हलका टेकवला तर केसाएवढी रेघ, जोर दिला तर दोराएवढी. पण अंगाने इतका सडपातळ की धरायला अंगठा दुप्पट आवळावा लागे, आणि काचेवर इतका घसरे की जानेवारीतल्या तळ्यावर बूट घालून निघाल्यासारखं. घसरण्यावर इलाज सोपा निघाला. काचेवर खरखरीत पापुद्रा चिकटवायचा, मग कागदासारखं वाटतं. टोक झिजतं त्याने लवकर, पण टोक बदलता येतं. सवयीने ती दाबायचीच, म्हणून टॅबमध्ये शिरून असं बसवून घेतलं की नुसत्या स्पर्शाला जाड रेघ यावी, दाबलं काय न दाबलं काय. अंगठा हळूहळू समजला.

सडपातळपणावर व्हर्लिनने उपाय काढला. तो हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरायला बसायचा, आणि त्यासाठीच्या आखूड गळकाठ्यांच्या मुठी त्याने बुचाच्या लाकडाच्या स्वतः घडवलेल्या असत. त्यातली एक जुनी मूठ घेतली, आरपार भोक पाडलं आणि आत स्टायलस सरकवला. मॅव्हिसने धरून बघितलं. मूठ गुबगुबीत, हलकी, हाताच्या घामाने न निसटणारी. माशांचा वास येत होता एवढंच.

"कसं आहे?" व्हर्लिनने विचारलं. विचारताना तो खिडकीबाहेर बघत होता.

मॅव्हिसने एक लांब रेघ मारली. अंगठा गप्प होता.

"फार वाईट नाही," ती म्हणाली. व्हर्लिन दिवसभर शीळ घालत हिंडला.

इथवर सगळं नीट होतं. घोळ केला तो पेनाने नव्हे, दुसऱ्या हाताने.

त्या टॅबवर डाव्या हाताची दोन बोटं एकदम टेकवली की शेवटची रेघ नाहीशी होते. पुन्हा टेकवली की त्याच्या आधलीही. मॅव्हिसला हे कळलं तेव्हा तिने एकच रेघ पुन्हा पुन्हा मारून मागे घेऊन बघितली. आयुष्यभर जी बाई मागे घेता न येणाऱ्या रेघा मारत आली, तिच्या हातात आता मागे घेण्याचं यंत्र आलं होतं. तिने व्हर्लिनचं नाक काढलं. व्हर्लिनचं नाक म्हणजे चित्रकाराला देवाने दिलेली देणगी. ते काढलं, बघितलं, आणि मनात आलं, जरा जास्तच झालं का? टक्, दोन बोटं. लहान काढलं. अजून जरा? टक्. संध्याकाळपर्यंत टॅबवर एक गोड, सरळ नाकाचा गृहस्थ तयार झाला. विमा विकणारा असावा असा.

व्हर्लिनने चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"वेगळं आहे," तो म्हणाला.

आपल्याच स्वयंपाकघरात, आपल्याच नवऱ्याकडून! पण तिला ते पटलं नाही. तिला वाटलं, याला आपलं नाक लाडकं आहे म्हणून बोलतोय. बोटांना तर इतकी चटक लागली की कॉफी सांडली तरी ती टेबलावर दोन बोटं टेकवायची. चर्चमध्ये नव्या पाद्रीबाईला "तुमचं प्रवचन लांब होतं," असं चुकून खरं बोलून गेली, तर तिथेच बाकावर टक्. पाद्रीबाईला वाटलं, या स्वीडनहून आलेल्या घराण्यांची कसली तरी जुनी रीत असावी.

जत्रा उघडली. तळघरातला जुना टीव्ही व्हर्लिनने पाठीवरून आणून खांबाला बांधला आणि टॅबला जोडला. टॅब बारका, खांद्यावरून कुणाला दिसणार? आता तिच्या मागे टीव्ही, पडदा मागच्या बाजूला, त्यासमोर बघे, आणि गिऱ्हाईक टीव्हीच्या पाठीकडे तोंड करून, पूर्वीसारखंच, फक्त लोकांचे चेहरे बघत.

पहिला बसला शाळेच्या बसचा ड्रायव्हर. कान त्याचे असे, की बसला आरसे लावायची गरज नव्हती. मॅव्हिसने उजवा कान काढला. मागे खसखस पिकली. ड्रायव्हरही खुशीत आला, त्याला वाटलं सुरुवात झाली. मॅव्हिसने कानाकडे पाहिलं, दोन बोटं टेकवली आणि कान लहान केला. मागून "ओऽह," असा आवाज आला, फुगा फुटल्यावर पोरं काढतात तसा. डावा कान. खसखस. टक्. ओऽह. असं करत करत चित्र संपलं, बारक्या प्रिंटरमधून बाहेर आलं, आणि ड्रायव्हरच्या बायकोने ते उलटसुलट करून पाहिलं.

"हं. वेगळं आहे," ती म्हणाली. आणि मॅव्हिसला बरं वाटावं म्हणून पुढे म्हणाली, "कागद छान आहे."

दुपारपर्यंत तिच्यापुढे रांग उरली नाही. समोर उन्हात मात्र शिंगं उगवून घ्यायला लोक टोप्या घालून उभे होते.

शेजारी बर्डेल स्कोग्लीचा तळलेल्या चीजचा गाडा होता. गडी जत्रेतला जुना, मॅव्हिसने त्याच्या तीन हनुवट्या एकदा पाच करून दाखवल्या होत्या आणि ते चित्र त्याने गाड्यावर पाटीसारखं लावलं होतं. तो चीजचा द्रोण घेऊन आला.

"खा. पैसे नकोत."

"का? मी मेले का?"

"तसं नाही. मी टीव्ही बघत होतो तुझा. छान चाललंय. एकदम शांत. मध्ये मला वाटलं, मी चर्चमध्येच आहे."

"बर्डेल, काय बोलायचं ते बोल."

"मी कशाला बोलू? मी चीज तळणारा माणूस." त्याने एप्रनला हात पुसले. "फक्त एक विचारतो. तो ड्रायव्हर त्याच्या चित्रात कुठे होता? मला सापडला नाही. त्याची बायको पण शोधत होती."

मॅव्हिसने टेबलावर दोन बोटं टेकवली. बर्डेल तिथेच राहिला.

घरी जाताना गाडीत तिने डावा हात मांडीखाली दाबून धरला. मग म्हणाली, "मार्कर असताना नाक आधी पडायचं, विचार मागून यायचा. आता नाक पडतं, मी बघते, आणि मला समोरच्याची आई आठवते. आजारी आहे ती. मग वाटतं, जाऊ दे, कशाला."

"हं," व्हर्लिन म्हणाला.

"पुन्हा मार्कर घेतला तर दोन दिवसात हात जाईल."

"हं."

"आणि हेच चालू राहिलं तर जागा जाईल."

व्हर्लिनने गाडी वळवली. "त्या दोन बोटांची मला चीड येते," तो म्हणाला. त्याच्या तोंडून चीड हा शब्द लग्नानंतर पहिल्यांदाच आला असावा.

दुसऱ्या दिवशी आर्डिस ह्यागलुंड आली. आर्डिस म्हणजे जत्रेच्या कमिटीची अध्यक्ष. वय ऐंशीला टेकलेलं, पाठ ताठ, हातावर कातड्याची काळी पर्स, आणि पर्सच्याही आधी येणारी हनुवटी. दारात आर्डिस उभी राहिली तर तिची हनुवटी घरात बसलेली असे. कमिटीत कोणती जागा कोणाला हे तीच ठरवी, कुणाला कधीही काही न बोलता.

"मॅव्हिस, हवा बरी आहे," आर्डिस म्हणाली.

"बरी आहे, आर्डिस. तुम्ही बसताय का?"

"उन्हातून आले. जरा बसते." आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. म्हणजे परीक्षाच.

बातमी फिरायला वेळ लागला नाही. टीव्हीसमोर गर्दी झाली. बर्डेलने कढईखालचा गॅस बारीक केला आणि चिमटा हातात तसाच धरून आला. सांबराच्या शिंगांची रांगही फुटून इकडे आली. व्हर्लिन खांबापाशी होता आणि त्याला वाकून बुटाची नाडी बांधायचं निमित्त सापडलं होतं.

मॅव्हिसने बुचाची मूठ धरली. आर्डिसच्या डोक्यावरचे निळसर केस आले, चष्मा आला. मग मान तिरकी केली, आणि जुन्या सवयीने हात सुटला. हनुवटी निघाली ती खाली, पुढे, आणखी पुढे, जवळजवळ टॅबच्या काठापर्यंत. मागे असा हशा उठला की डुकरांच्या गोठ्यातून कुणीतरी काय झालं म्हणून डोकावलं.

मॅव्हिसने हनुवटीकडे पाहिलं. मग आर्डिसकडे. जागा, कमिटी, ऐंशी वर्षांची बाई, सगळं एकदम डोक्यात आलं.

टक्.

"ओऽह," गर्दी म्हणाली.

तिने बेताची हनुवटी काढली. हळदीकुंकवाच्या आमंत्रणासारखी शहाणी. तीही जरा मोठी वाटली. टक्. आता आवाजही आला नाही.

आर्डिस सरळ समोर बघत बसली होती.

"मॅव्हिस," ती म्हणाली, "काय काढून टाकलंस?"

"काही नाही."

"मी इथे या लोकांची तोंडं बघतेय. दुसरं बघायला आहे काय? आत्ता आत्ता सगळे खुशीत होते. तो बर्डेल तर रडत होता. मग तू दोन बोटं टेकवलीस आणि सगळ्यांची तोंडं चुना फासल्यासारखी झाली. काय होतं ते?"

मॅव्हिसने टॅब स्वतःकडे ओढला.

"माझी हनुवटी होती ना?"

त्या मुलखात हा शब्द आर्डिससमोर आजवर कुणी उच्चारला नव्हता, आणि आता तो तिनेच उच्चारला होता. लोक आपापल्या बुटांकडे बघू लागले.

"जरा मोठी पडली होती," मॅव्हिस कशीबशी म्हणाली.

"ती मोठीच आहे. माझ्या बापाची आहे, त्याच्या आईची आहे, गलबतातून आमच्याबरोबर आलीय. तू कोण तिला मागे घेणारी? परत आण."

परत आणायचीही एक युक्ती होती, सुनेने दाखवली होती. तीन बोटं की चार? ऐनवेळी आठवेना. मॅव्हिसने तीन टेकवली आणि चष्म्याचा रंग बदलला. चार टेकवली, पडदाच गायब झाला आणि परत आला. डावा हात टॅबवर विंचू पडल्यासारखा नाचू लागला.

आर्डिस हे बघत होती. तिने हातावरची काळी पर्स काढली आणि टेबलावरून पुढे सरकवली.

"धर ही."

"अं?"

"डाव्या हातात धर. खाली ठेवायची नाही, खाली घाण आहे. आत माझी औषधं आहेत, चर्चच्या किल्ल्या आहेत आणि भावाची राख आहे थोडी. पडू देऊ नकोस."

मॅव्हिसने डाव्या हातात पर्स घेतली. चांगली जड होती. बोटं पट्ट्याभोवती आवळली गेली, टेकवायला एकही मोकळं राहिलं नाही.

"आता काढ," आर्डिस म्हणाली आणि मान जरा वर केली, म्हणजे हनुवटीला पुढे यायला वाट मिळावी.

मॅव्हिसने मान तिरकी केली. हात पडला. रेघ कानाखालून निघाली, उतारावरच्या बैलगाडीसारखी धावली, काठापाशी वळली आणि वर आली, एका दमात, कुठे न थांबता. अंगठ्याला पत्ताही लागला नाही. पहिल्या हनुवटीपेक्षा ही बोटभर जास्तच होती. त्या हनुवटीच्या फळीवर मॅव्हिसने एक बारकी आर्डिस बसवली, पर्स मांडीवर घेऊन जत्रा बघणारी. आता लोक हसले ते आधी अंग चोरून हसले, आर्डिसकडे भीत भीत बघत. पण आर्डिस त्यांची तोंडं वाचत होती, आणि जसजशी वाचत गेली तसतशी तिची ताठ पाठ हलायला लागली. हसण्याचा आवाज काही आला नाही. खुर्ची मात्र कुरकुरली.

प्रिंटरमधून कागद आला. आर्डिसने तो हातभर लांब धरून पाहिला, मग जवळ धरून पाहिला. दुमडला नाही, गुंडाळला नाही, छातीशी पाटीसारखा धरला आणि कोंबड्यांच्या शेडकडे चालू लागली. तिथून भाजीपाल्याच्या शेडमध्ये. तिथून जाम-मुरंब्यांच्या बायकांकडे. जिथून जिथून ती गेली तिथून तिथून माणसं गॅलरीकडे यायला लागली.

पर्स ती मागायला विसरली. आणि अध्यक्षीणबाईंनी खाली ठेवू नकोस म्हटलेली पर्स ठेवायची कुठे? मॅव्हिसने ती डाव्या हातात धरूनच कान काढले, दात काढले, टकलं काढली. रांग बर्डेलच्या गाड्याला वळसा घालून गेली. बसचा ड्रायव्हर पुन्हा आला, कालचा कागद परत देऊन म्हणाला, "हा कुणाचा तरी चुकून माझ्याकडे आलाय." फोटोवाल्याचं दुकान अर्धं रिकामं झालं, तेव्हा तोही गल्ला कुलूपबंद करून रांगेत येऊन उभा राहिला. त्याचे दात पुढे होते आणि बहुधा ते त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास आर्डिस पर्स न्यायला आली. मॅव्हिसची बोटं पट्ट्यातून सोडवायलाच थोडा वेळ लागला.

"राख सांडली नाही ना?"

"नाही, आर्डिस."

"दुपारी मागे उभं राहून बघितलं, मला काही दिसलं नाही. टीव्ही लहान आहे. मोठा लागेल." आर्डिसने पर्स कोपरात अडकवली. "आणि पुढच्या वर्षी स्वतःची पर्स आण."

मग दोघी हवेबद्दल बोलल्या, मक्याबद्दल बोलल्या, कुणाच्या तरी नातीच्या लग्नाबद्दल बोलल्या, तीनदा निरोप घेऊन झाला आणि आर्डिस गेली.

व्हर्लिन खांबावरून टीव्ही सोडवून छातीशी धरून उभा होता. टीव्हीच्या वजनाने तो मागे कलला होता.

"काय म्हणाली?"

"पुढच्या वर्षी याच्याहून मोठा आण म्हणाली."

व्हर्लिनने टीव्ही हलकेच गवतावर ठेवला. हसू त्याच्या मिशीतून बाहेर पडायला धडपडत होतं, पण त्याने ते आवरलं.

"मोठा," तो म्हणाला. "आणि उचलायचा कुणी?"

"तूच," मॅव्हिस म्हणाली. "माझ्या एका हातात पेन असतं, दुसऱ्यात पर्स."